मांडलेला डबा

शहरात त्याला सगळे कवळीवाला म्हणत. नावाने हाक मारणारं बायकोशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तीही 'अहो'वर भागवायची. दात बसवण्याचं श्रेय दंतवैद्यांचं, हा पडद्यामागचा माणूस. त्यांच्याकडून तोंडाची मापं यायची, हा आपल्या छोट्या लॅबमध्ये प्लास्टरचे साचे ओतायचा, मेणात एकेक दात रोवायचा, घासूनपुसून कवळी डबीत घालून पाठवून द्यायचा. ज्याच्या तोंडात ती जायची त्याला हा कधी दिसायचा नाही.

हात मात्र सोन्याचा. कवळी कवळीसारखी दिसू नये म्हणून तो पुढचा एखादा दात मुद्दाम किंचित वाकडा बसवी, एखाद्याच्या कडेला वर्षानुवर्षांच्या चहाची पिवळट छटा देई. दंतवैद्य फोनवर म्हणत, "अगदी खरे वाटतात हो!" एवढंच कौतुक आयुष्यभर त्याच्या वाट्याला आलं. बायको प्रसूतिगृहात परिचारिका होती. ती म्हणायची, "मी बिनदाताची माणसं जगात आणते, तुम्ही बिनदाताची सांभाळा. मधली सगळी इतरांची."

पन्नाशी उलटल्यावर त्याला फोटोचा नाद लागला. निमित्त झालं मेव्हण्याचं. बायकोच्या या धाकट्या भावाला दर वर्षी नवं खूळ लागे आणि वर्ष सरता सरता सुटे. एका वर्षी कॅमेरा आला, आणि खूळ सुटल्यावर तो भावोजींच्या गळ्यात पडला. कवळीवाल्याने आधी खिडकीतलं कबुतर काढलं, मग बायको काढली. "माझा जबडाच काय दाखवलाय सगळीकडे?" म्हणून ती वैतागली. मग त्याची नजर गेली पॉवर हाऊसकडे.

कालव्यापलीकडे ते वीजकेंद्र उभं होतं. कोळशावर चालणारं, आणि बंद पडून आता बरीच वर्षं झालेली. चालू होतं तेव्हा त्याच्या राखेने दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत करडे व्हायचे आणि शहर त्याला शिव्या घालायचं. बंद पडल्यावर निम्मी वस्ती ओस पडली, तेव्हा उरलेले शिव्या आठवून उसासे टाकायला लागले. फाटकावर कुलूप होतं, एक पहारेकरीही होता. पण कोळशाच्या गाड्या जिथून आत यायच्या तिथली भिंत पडली होती. एका रविवारी सकाळी मेव्हणा पुढे आणि हा मागे, असे दोघे त्या भगदाडातून आत शिरले. आत पाय ठेवताच मेव्हण्याची पँट सळईत अडकून टरकन फाटली. "भावोजी, हे कलेसाठी हं," तो म्हणाला.

आतलं पाहून मात्र मेव्हणा पँट विसरला. कोळसा वर नेणारा पट्टा एका लांबलचक तिरक्या बोगद्यातून आभाळाकडे चढत गेला होता. पत्रे गंजून गळले होते आणि त्या भोकांतून उन्हाच्या काठ्या काळ्या पट्ट्यावर टेकल्या होत्या. बॉयलरच्या इमारतीत जिन्यावर जिने, आणि पाय ठेवला की वरून कुठून तरी राख झरायची. टर्बाइनच्या दालनात एखादं आख्खं मंगल कार्यालय मावलं असतं. तिथे आता कबुतरं नांदत होती. फुटक्या काचांतून आलेल्या बियांनी फरशीच्या फटीत मूळ धरलं होतं. सगळ्यात वर कंट्रोल रूम. अर्धवर्तुळाकार लांब टेबल, त्यावर शेकडो तबकड्या, आणि प्रत्येकीचा काटा शून्यावर.

कवळीवाला त्या दिवशी घरी आला तो नाकातोंडात काळं आणि डोळ्यांत चमक घेऊन. त्यानंतर रविवार म्हणजे पॉवर हाऊस, हे ठरूनच गेलं. बायको म्हणाली, "दुसऱ्या बाईच्या नादी लागला असतात तर निदान कपडे तरी स्वच्छ राहिले असते."

फोटो निघत होते, पण त्याचं समाधान होत नव्हतं. भिंती, यंत्रं, गंज. सगळं भव्य होतं, पण त्यात माणूस नव्हता. एकदा कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीत त्याला पत्र्याचं एक कपाट अर्धवट उघडं दिसलं. आत अॅल्युमिनियमचा एक जेवणाचा डबा होता. शेजारच्या कपाटात एक भिंग फुटलेला चष्मा होता. खुंटीला एक कातडी हातमोजा. तिन्ही वस्तू तीन माणसांच्या असणार, हे त्याला तेव्हाही कळत होतं. त्याने त्या उचलल्या आणि वर कंट्रोल रूममध्ये नेल्या. उन्हाचा पट्टा टेबलावर जिथे पडत होता तिथे डबा उघडून ठेवला, झाकण जरा कलतं. शेजारी चष्मा. हातमोजा असा, की आत्ताच हातातून काढून ठेवलाय. मेणात दात बसवताना तो जसा श्वास रोखून धरी तसा धरून त्याने फोटो काढला.

मेव्हणा मागे उभा होता. "झकास," तो म्हणाला. "पण भावोजी, हे असं नव्हतं ना?"

"असंच असेल की कधीतरी," कवळीवाला म्हणाला.

त्या फोटोला 'अर्धवट जेवण' असं नाव देऊन मेव्हण्यानेच तो एका छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेला पाठवला. पहिला नंबर आला. समारंभात आयुष्यात पहिल्यांदा कवळीवाला व्यासपीठावर चढला. टाळ्या वाजल्या, अंगावर मूठभर मांस चढलं. मग एका वार्ताहर मुलीने उभं राहून विचारलं, "या डब्यामागची गोष्ट काय आहे?"

गोष्ट काहीच नव्हती. पण एवढी माणसं माना वर करून त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "असं ऐकलंय की... तिथे एक तरुण कामगार होता. जेवायला डबा उघडला आणि तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. गेला तो परत आलाच नाही."

पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्याला लावला. कवळीवाल्याला स्वतःलाही क्षणभर भरून आलं.

परतताना मेव्हण्याने गाडी चालवता चालवता विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ऐकलं होतं कुठंतरी."

मेव्हण्याने त्याच्याकडे एकदा वळून पाहिलं आणि रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली ती गोष्ट. वार्ताहर मुलीने आणखी थोडं तिखटमीठ लावलं होतं. आठवडाभर दंतवैद्यांचे फोन येत राहिले. आणि मग एका दुपारी लॅबच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पाठीत वाकलेली, हातात तो पेपर घडी घालून धरलेला.

"डब्याचा फोटो काढणारे तुम्हीच का?"

कवळीवाल्याने कौतुक ऐकायच्या तयारीने हात पुसले, स्टूल पुढे केलं. "या मावशी. बसा."

ती बसली नाही. "तो माझ्या मुलाचा डबा आहे," ती म्हणाली.

तिचा एकुलता एक मुलगा पॉवर हाऊसमध्ये कोळशाच्या पट्ट्यावर होता. लग्न ठरत होतं. एके सकाळी पट्ट्यात त्याचा सदरा अडकला. तिला त्याचे बूट आणि घड्याळ परत मिळालं होतं, डबा मिळाला नव्हता. ती हे सगळं इतक्या शांतपणे सांगत होती की सांगून सांगून शब्द झिजलेत हे कळत होतं. मग तिचा आवाज बदलला.

"त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं हो. क्षुल्लकच. मी रागाने न्याहारी वाढली नाही. डबा तेवढा हातात कोंबला. इतकी वर्षं माझ्या मनात एकच, की पोरगं उपाशी गेलं. मी उपाशी घालवलं. आणि परवा शेजारच्या सुनेने हे वाचून दाखवलं." तिने पेपरावरून हात फिरवला. "डबा उघडला होता म्हणता ना? आत काही होतं?"

"नाही मावशी. रिकामा होता."

"रिकामा. म्हणजे खाऊन उठला." तिने डोळे मिटले. "साहेबांच्या खोलीत कसा काय बसला जेवायला, हेच मला कळत नव्हतं. पण लाडका होता सगळ्यांचा. बसवलं असेल कुणीतरी. खाऊन उठला, हो ना?"

त्या क्षणी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलंही. पण म्हातारीचा चेहरा असा उजळला होता, आणि त्या उजेडात त्याला स्वतःला उघडं पडायचं नव्हतं. त्याने नुसती मान हलवली.

"डब्याची एक कडी तुटली होती," ती म्हणाली. "मी तारेने बांधून दिली होती. तो डबा मला आणून द्याल? फोटो राहू द्या तुम्हाला. मला डबा तेवढा द्या."

ती गेल्यावर त्याने कामाला हात लावला नाही. मापं पडून राहिली, मेण थिजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच भगदाडातून आत गेला. डबा टेबलावर त्याने मांडला तसाच होता, वर धुळीचा पातळ थर. जिने चढताना तो मनातल्या मनात विनवण्या करत होता, की तार असू दे. डबा उलटसुलट करून पाहिला. दोन्ही कड्या धडधाकट होत्या.

डबा घेऊन तो लॅबमध्ये आला आणि टेबलापाशी बसला. समोर दातांच्या कामाच्या तारांची वेटोळी होती, पकड होती, डाग पाडायचे रंग होते. काही ठरवलं असं त्याला वाटलंच नाही. हातच कामाला लागले. पकडीने त्याने एक कडी तोडली. जाडशी तार निवडली, बाईमाणसाच्या हाताने घाईत बांधावी तशी ओबडधोबड पिळून बांधली. तार फार चकचकीत दिसायला लागली, तेव्हा तिला आचेवर काळी केली, राख चोळली, पिळाच्या बेचक्यात गंजाचा तांबूस रंग भरला. लांब धरून पाहिली. अगदी खरी वाटत होती.

"हे काय करताय?"

बायको ड्युटी संपवून थेट लॅबमध्ये आली होती, किल्ली मागायला. आदल्या संध्याकाळी म्हातारीची हकिगत त्यानेच तिला सांगितली होती, अर्थातच आपला भाग वगळून. तिने डबा पाहिला, टेबलावर पडलेला कडीचा तुकडा पाहिला, रंगाची कुपी पाहिली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या बाईलाही कवळीच बसवणार का तुम्ही?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, "तिला बरं वाटलं असतं गं," असं काहीसं. पण ते निम्म्यातच विरलं. तीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याला आळशी म्हटलं होतं, घुम्या म्हटलं होतं. पण आज ती त्याच्याकडे अशी बघत होती जसं अनोळखी माणसाकडे बघावं. किल्ली घेऊन ती निघून गेली. त्याचे कान तापले होते. आपलेच हात मांडीखाली दडवून तो बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी तो म्हातारीकडे गेला. एका चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती. पलंग, स्टोव्ह, खिडकीत दोन कुंड्या. त्याच्या हातातला डबा पाहून ती लगबगीने उठली. तार बोटांनी चाचपली. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत तो म्हणाला, "मावशी, ही तार मी बांधलीय. काल."

तिला कळलं नाही. त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. डबा कपाटात होता, चष्मा दुसऱ्याचा, हातमोजा तिसऱ्याचा. फोटो चांगला दिसावा म्हणून मांडलं. गोष्ट कुणी सांगितली नव्हती, व्यासपीठावर सुचली. सांगताना तो फरशीच्या एका तड्याकडे बघत होता.

म्हातारीने डबा पलंगावर ठेवला. शिव्या दिल्या नाहीत. जणू खोलीत दुसरं कुणी नाहीच अशी, ती म्हणाली, "मग तो उपाशीच गेला."

ते वाक्य घेऊन तो जिना उतरला. पेपरात फोन करून त्याने खरं काय ते सांगितलं. कुठल्या तरी कोपऱ्यात दोन ओळी आल्या. छायाचित्र मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "वस्तू मांडायला आमची मनाई नाही हो, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय." त्याने बक्षिसाची ढाल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि निघाला. दंतवैद्य भेटले की मिश्कील हसत. त्याचं त्याला काही वाटेना. कानात तेवढं म्हातारीचं ते एक वाक्य होतं.

शेवटी त्याने मेव्हण्यालाच गाठलं. "त्या पट्ट्यावर तेव्हा कोण होतं, शोधशील?"

मेव्हण्याच्या ओळखी दांडग्या. कालव्याकाठी सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणारा एक म्हातारा त्याने शोधून काढला. त्या मुलाचा पट्ट्यावरचा जोडीदार. कवळीवाल्याने विचारल्यावर त्याने चाकावरून मान वर केली नाही.

"तो? तो कधी जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबलाय? कामावर आला की आधी डबा उघडायचा. आम्ही त्याला खादाड म्हणायचो."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी पण. माझ्यासमोर बसून खाल्लं. आई चिडलीय म्हणाला, संध्याकाळी जाऊन मनवतो म्हणाला. बोटं चाटत पट्ट्याकडे गेला."

"हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?"

सायकलवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. "पट्टा थांबवायची दोरी माझ्या बाजूला होती. मी ओढली. पण ओढेपर्यंत... कुठल्या तोंडाने जाणार होतो तिच्या दारात?"

कवळीवाला तडक म्हातारीकडे धावला. धापा टाकत दारातूनच सांगायला लागला. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "हेही तुम्हीच मांडलंत का?"

शपथ घ्यावी तर कुणाची, आणि त्याच्या शपथेवर तिने का विश्वास ठेवावा? आयुष्यात एकदाच तो एखाद्याला देण्यासारखं खरं काहीतरी घेऊन आला होता, आणि त्याच्या हातून आलं म्हणून ते खोटं ठरत होतं. "नाही मावशी," एवढंच तो म्हणाला, आणि ते किती पोकळ लागतंय हे त्यालाच ऐकू आलं.

पुन्हा सायकलच्या दुकानात. तो माणूस यायला तयार होईना. आज गिऱ्हाईक आहे, उद्या गुडघा दुखतोय. कवळीवाला रोज जाऊन दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसायला लागला. आग्रह करण्याइतकं तोंड त्यालाही नव्हतं, म्हणून नुसता बसायचा. एका सकाळी सायकलवाल्याने हात धुतले, सदरा बदलला आणि म्हणाला, "चला. तुम्ही काही सुखाने जगू देणार नाही."

म्हातारीने सायकलवाल्याला ओळखलं. किती बदलला होता तो, तरी ओळखलं. "ये," म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला पलंगावर बसवलं. कवळीवाला उंबऱ्याबाहेर थांबला. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

आतून आधी नुसता सायकलवाल्याचा आवाज येत होता, अडखळत. मग म्हातारीचे प्रश्न. काय म्हणाला? मनवतो म्हणाला? असंच म्हणाला? ती तेच तेच विचारत होती आणि तो तेच तेच सांगत होता. मग त्या पुरुषाचं हुंदके देऊन रडणं, आणि तिचं "असू दे रे, असू दे." कवळीवाला जिन्याच्या कठड्याला टेकून खाली अंगणातल्या नळाकडे बघत राहिला. चोरून ऐकल्यासारखं वाटत होतं, पण पाय निघत नव्हते.

बऱ्याच वेळाने म्हातारी दारात आली. डोळे सुजलेले होते. तिच्या हातात तो डबा होता. "हा कुणाचा असेल त्याला द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही आता येत जाऊ नका."

"बरं," तो म्हणाला.

सायकलवाला त्यानंतर तिच्याकडे वरचेवर जाऊ लागला. तिचा स्टोव्ह दुरुस्त केला, दवाखान्यात नेलं, हे सगळं कवळीवाल्याला मेव्हण्याकडून कळे. ऐकून बरं वाटे, पण त्यात आपला काही वाटा आहे असं त्याने कधी म्हटलं नाही. डब्याचा मालक सापडला नाही. डबा त्याने जिथून उचलला होता त्या कपाटात नेऊन ठेवला, तुटक्या कडीसकट. तार सोडवून घेतली होती.

काही महिन्यांनी बाजारात म्हातारी त्याच्या अगदी समोर आली. तिने त्याला ओळखलं, हे तिच्या थबकण्यावरून दिसलं. त्याने हात जोडले. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बाजूने पुढे गेली. तो हात जोडून तसाच उभा होता, मागून कुणीतरी "अहो, सरका की" म्हणेपर्यंत.